वहिनींचा बरोबर आलेला अंदाज

“सुधीर, तू ये,” एवढंच दादा फोनवर म्हणाला. माझा थोरला भाऊ आयुष्यभर इंजिनिअर म्हणून जगला. साधं जेवायला बोलवायचं असलं तरी कुठल्या रस्त्याने यायचं, गाडी कुठे लावायची, लिफ्ट बंद असली तर काय करायचं, हे सगळं सांगितल्याशिवाय त्याचा फोन संपत नाही. त्या सकाळी त्याने यातलं काहीच सांगितलं नाही, आणि मीही काही विचारलं नाही. चपला पायात सरकवताना बायकोला म्हणालो, “वहिनी गेल्या.” तिने विचारलं, “दादा तसं म्हणाले?” मी म्हटलं, “नाही. पण गेल्या.”

त्याला आता काही महिने झाले. शैलावहिनींना न्यूमोनियाने गाठलं होतं, वय झालेलं होतं, डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती. वैकुंठ स्मशानभूमीतून आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऐन उन्हाळ्यात आभाळ भरून आलं आणि टपोरे थेंब पडायला लागले. वहिनींचे हवामान खात्यातले एक जुने सहकारी छत्री उघडत म्हणाले, “हा कुठून आला, ते आता कुणाला विचारायचं?” कुणी हसलं नाही. पण आम्ही सगळे जण आपापल्या मनात तेच म्हणत होतो. पाऊस आला की वहिनींकडे बघायचं, ही आमच्या घराला गेल्या अर्धशतकाची सवय.

त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. नारायण पेठेत भाड्याच्या तीन खोल्या, आई-वडील, दादा आणि मी. वहिनी मूळच्या मिरजेच्या, फिजिक्समध्ये एमएस्सी झालेल्या, आणि नुकत्याच हवामान खात्यात लागलेल्या. सुनेची नोकरी म्हणजे शाळेत नाहीतर बँकेत, एवढंच माहीत असलेल्या आमच्या आईला हे प्रकरण काही दिवस उमजलं नाही. मग तिने त्यातून एक व्यवहारी उपयोग काढला. उन्हाळ्यात एकदा गच्चीवर पापड घालायचे होते, तिने वहिनींना विचारलं, “काय गं, आज घालू का वाळत?” वहिनींनी खिडकीतून बाहेर पाहिलं, विचार केला आणि म्हणाल्या, “दुपारनंतर गडगडाटाची शक्यता आहे.” आई म्हणाली, “शक्यता नको सांगूस. पापडांना शक्यता कळत नाही.” आईने पापड घातले, ते कडकडीत वाळले, आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्याकडे पाहुणा आला की हा किस्सा सांगितला गेला. वहिनी प्रत्येक वेळी हसायच्या. पण शक्यता म्हणायचं त्यांनी कधी सोडलं नाही. “भाऊजी,” त्या मला म्हणायच्या, “छातीठोकपणे बोलायला ज्योतिषी आहेत की. आम्हाला पगार मिळतो तो जपून बोलण्याचा.”

हे जपून बोलणं त्यांच्या स्वभावातच होतं. वर्तमानपत्रात पहिल्यांदा तापमानवाढीच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा कुठेही पूर आला की मी त्यांना डिवचायचो, “काय वहिनी, हा पण त्याचाच का?” त्या म्हणायच्या, “एका पावसावरून काही ठरत नसतं हो. एक दिवस तुम्ही चिडलात म्हणून तुमचा स्वभाव तापट, असं म्हणू का मी?” वर्षानुवर्षांच्या नोंदी नीट लावून बघितल्याशिवाय त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. त्यामुळे निवृत्तीच्या आसपास त्यांचं बोलणं हळूहळू बदलायला लागलं, तेव्हा आम्हाला ते जाणवलं. वर्षभराचा पाऊस पाहिला तर फार काही वेगळं दिसत नाही, त्या सांगायच्या. पण तो पडतो कसा ते बघा. पूर्वी पाऊस पुण्यात मुक्कामाला यायचा, भुरभुरत राहायचा. आता दिवसचे दिवस तोंड दाखवत नाही आणि मग दरोडा घातल्यासारखा येतो.

निवृत्तीनंतर त्या ज्येष्ठ नागरिक संघांत, महिला मंडळांत, कॉलेजांत यावर बोलायला जाऊ लागल्या. मीही दोन-चारदा गेलो. त्यांची समजावण्याची पद्धत साधी होती. हवा म्हणजे एक भांडं समजा, त्या म्हणायच्या. हवा तापली की भांडं मोठं होतं, त्यात बाष्प जास्त मावतं. इकडे अरबी समुद्रही तापलाय, तो भांडं भरायला बसलेलाच आहे. मोठं भांडं भरायला वेळ लागतो, म्हणून मधे खंड पडतात. आणि ते उपडं झालं, की सगळं एकदम. समोरचे एखादे आजोबा हमखास विचारायचे, “म्हणजे आमच्या लहानपणी पूर यायचे ते काय होते मग?” वहिनी शांतपणे म्हणायच्या, “पूर तेव्हाही येत होते, आजोबा. माणसं पूर्वीही आजारी पडायची आणि आताही पडतात. पण साथ आली की आपल्याला कळतं ना?”

आता दादाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. दादा सरळ माणूस. कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणाला सिमेंट चोरू दिलं नाही. नियमाचं पुस्तक म्हणजे त्याचं दैवत. कात्रजच्या डोंगराच्या उतारावर जेव्हा भराभर इमारती व्हायला लागल्या, तेव्हा एका बिल्डरच्या मोठ्या प्रकल्पाचं काम त्याच्याकडे आलं. त्या जागेतून एक ओढा वाहत होता. मी तो पाहिलेला आहे. दोन्ही काठांना करंजाची झाडं, एक वाकडा उंबर, आणि पावसाळ्याबाहेर पाणी म्हणाल तर घोट्याएवढं. एवढ्याशा पाण्यासाठी एवढी रुंद जागा सोडायची, हे कुणालाच परवडणारं वाटलं नाही. ओढा मोठ्या पाइपांत घातला गेला, वर स्लॅब पडली, स्लॅबवर गाड्या लागल्या. खालच्या अंगाला, जिथे उतार संपतो, तिथे दगडी कुंपणभिंत उभी राहिली. सोसायटीचं नाव ठेवलं निर्झर. वहिनी म्हणाल्या होत्या, “छान. माणूस गेला की त्याच्या नावाने चौक करतात, तसं.” दादा हसला होता. त्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्याने फ्लॅट घेतला आणि दोघं तिथे राहायला गेले.

पाइप टाकले जात होते तेव्हाची त्यांच्या जेवणाच्या टेबलावरची एक संध्याकाळ मला आठवते. वहिनी आमटी वाढत होत्या. त्यांनी सहज विचारलं, “अहो, पाइप पुरेसा आहे ना?” दादा म्हणाला, “नियमात बसतोय.” “नियम कुठल्या पावसाचा धरलाय?” “कुठल्या म्हणजे? पावसाचा पाऊस!” दादा म्हणाला, “जो आकडा पुस्तकात आहे तोच धरणार ना मी? तुझ्या शक्यता धरून पाइप टाकायचा तर आगगाडीचा बोगदा घालावा लागेल.” वहिनी पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्याच मनात तेव्हा खात्री नव्हती, आणि खात्री नसताना बोलायचं नाही हे त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं.

निर्झरच्या भिंतीपलीकडे, ओढ्याच्या जुन्या वाटेवरच, जुन्या गावातल्या लोकांची आणि नंतर आलेल्यांची बैठी घरं होती. तिथे कमलताई राहायच्या. वहिनींकडे पोळ्यांना येणाऱ्या कमलताई नंतर नंतर घरातल्याच होऊन गेल्या. नवरा लवकर गेला, एक मुलगी, पुष्पा. ती खराडीला एका ऑफिसात साफसफाईच्या कामाला जायची. वहिनींना मूलबाळ नव्हतं. पुष्पाच्या दहावीचं गणित आणि विज्ञान वहिनींनीच करून घेतलं होतं. कमलताई दुपारी यायच्या त्या दिवेलागणीनंतरच जायच्या. पोळ्या होऊन गेल्या तरी दोघी ओट्याशी बोलत बसायच्या. वहिनींना त्या टीव्हीवरच्या बाईपेक्षा जास्त मानायच्या. “ताई सांगत्यात ना पडनार, मग पडनारच. छत्री न्या,” असं त्या लिफ्टमध्ये भेटेल त्याला बजावायच्या.

वहिनींच्या निवृत्तीनंतरच्या एका वर्षी सप्टेंबर संपत आला होता. पाऊस परतीला लागला असं आपण म्हणतो ते दिवस. मी काही कामाने त्या दुपारी दादाकडे गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. उकाडा असह्य होता. वहिनी सारख्या गॅलरीत जाऊन डोंगराकडे बघत होत्या. डोंगरामागे ढग नुसते वाढत नव्हते, चढत होते… फुलकोबीच्या गड्ड्यासारखे एकावर एक. मोबाइलवर रडारचं चित्र उघडून त्यांनी पाहिलं, मिटलं, परत उघडलं. मग स्वयंपाकघरात जाऊन म्हणाल्या, “कमल, कणीक राहू दे. आज तू आत्ता घरी जा. फार मोठा पाऊस येतोय.”

कमलताई हसल्या. “अवो ताई, माजं घर काय लांब हाय का? भिंतीपल्याड तर हाय. चार पोळ्या लाटते आन् जाते.”

“नको म्हणते ना. भिजत जायचंय का? ऐक माझं. आज शक्यता नाही म्हणत मी. आज येणारच.”

वहिनींच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. कमलताईंनी पदराला हात पुसले, डब्यातली भाजी घेतली आणि त्या गेल्या.

पाऊस आला तो असा, की समोरची इमारत दिसेना. पावसाला आवाज असतो. त्या पावसाला आवाजाशिवाय दुसरं काही नव्हतंच. दादा पहिल्यांदा खिडक्या लावत फिरला. मग आम्ही तिघं गॅलरीच्या काचेशी उभे राहिलो. डोंगरावरून लाल पाणी रस्त्याने उतरत होतं. निर्झरच्या वरच्या टोकाला, जिथे ओढा पाइपात शिरतो, तिथे फांद्या, प्लास्टिक, कुणाची तरी गादी असं सगळं येऊन अडकलं आणि पाइपाचं तोंड बंद झालं. मग पाणी स्लॅबवरून वाहू लागलं. गाड्या आधी हलल्या, मग खेळण्यासारख्या एकमेकींवर चढल्या. पाणी उताराने खाली गेलं आणि कुंपणभिंतीला जाऊन भिडलं. तिथे त्याला वाटच नव्हती. ते भिंतीमागे चढत राहिलं. दादा काचेला हात लावून उभा होता. “वीप होल आहेत,” तो म्हणत होता, “पाणी जायला भोकं ठेवलीत भिंतीला… जाईल… जाईल…” आणि भिंत गेली. इतक्या वरूनही कळलं. पावसाच्या आवाजात एक वेगळा, बोजड आवाज आला, आणि तळं झालेलं पार्किंग बघता बघता रिकामं झालं.

भिंतीपलीकडच्या घरांवर ती भिंत आणि ते सगळं पाणी पडलं होतं. बहुतेक माणसं अजून कामावरून परतायची होती, म्हणून वाचली. कमलताई घरी होत्या.

दिवसकार्य झाल्यावर पुष्पा वहिनींना भेटायला आली. मी तिथेच होतो. ती दारातच उभी राहिली, आत येईना. वहिनी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पुष्पाने विचारलं, “काकू, आई रोज अंधार पडल्यावर घरी यायची. त्या दिवशी लवकर का आली?” तिच्या आवाजात राग नव्हता, तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. पाऊस येतोसं दिसलं म्हणून गेली, एवढं सांगून भागलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. वहिनी म्हणाल्या, “मी पाठवलं गं तिला. ती नाही म्हणत होती.” पुष्पाने वहिनींच्या खांद्यावर डोकं ठेवलं. दोघी दारातच उभ्या होत्या… मी आणि दादा आतल्या खोलीत जाऊन बसलो. दादा भिंतीकडे बघत होता.

त्यानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये सभा झाली. चौकशी होणार होती, वर्तमानपत्रवाले येऊन गेले होते, आणि सगळ्यांना एकच काळजी होती, की हे आपल्यावर येऊ नये. सेक्रेटरी म्हणाले, ही नैसर्गिक आपत्ती आहे, सोसायटीचा यात काही संबंध नाही. मग दादा उठला. तो शांतपणे, मुद्देसूद बोलला. सगळं बांधकाम नियमानुसार झालेलं आहे, म्हणाला. आणि मग म्हणाला, “आमच्या घरात या विषयातली जाणकार व्यक्ती आहे. शैला कित्येक वर्षं सांगत आली आहे, की पाऊस बदललाय. तुमच्यापैकी अनेकांनी तिची व्याख्यानं ऐकली आहेत. असा पाऊस कुठल्याही पुस्तकात नव्हता. हवामानबदलापुढे माणूस काय करणार?” लोकांनी माना डोलावल्या. काहींनी वळून वहिनींकडे आदराने पाहिलं. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, आपण हेच लेखी दिलंत तर फार बरं होईल.”

वहिनी उठल्या. माझ्या शेजारीच बसल्या होत्या. उठताना त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला.

“पाऊस वाढलाय हे खरं आहे,” त्या म्हणाल्या. “मीच सांगत आले, आजही तेच सांगते, आणि पुढे तो आणखी वाढणार आहे. पण त्या संध्याकाळी पाऊस सगळ्या डोंगरावर पडला. भिंत एकाच ठिकाणी पडली. ओढा उघडा असता तरी पूर आलाच असता. चार घरांत चिखल गेला असता, माणसं पत्र्यावर चढून बसली असती. पाणी साठवून, वर भिंत लावून, ते कुणाच्या अंगावर ओतलं गेलं नसतं. पाऊस वाढतोय म्हणून पाण्याला जागा जास्त सोडायला हवी होती. आपण ती काढून घेतली. याला मी निसर्ग म्हणणार नाही. आणि तसं लेखी तर मुळीच देणार नाही.”

दादा हॉलमधून निघून गेला.

पुढे चौकशी झाली. वहिनींनी तिथेही हेच सांगितलं, दादाने नियमांचे कागद दाखवले. कोणाचा दोष, हे शेवटपर्यंत कुठे नीट उमटलं नाही. पण घरात मात्र त्या सभेपासून काहीतरी तुटलं. भांडण झालं असतं तर बरं, असं मला वाटायचं. तसं काही झालं नाही. दादा सकाळी दोघांचा चहा करायचा, तो करतच राहिला. वहिनींच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायचा. “गॅसवाला येऊन गेला,” “उद्या पाणी नाही,” एवढंच बोलायचा. आधी जेवताना दोघं वर्तमानपत्रातल्या बातमीवरून तासभर वाद घालायचे. आता ताटं मुकाट्याने उचलली जायची. एकदा मी न राहवून वहिनींना म्हटलं, “तुम्ही दादाला आधी घरी बोलला असतात तर?” त्या म्हणाल्या, “मला तरी कुठे माहीत होतं भाऊजी, की ते माझंच नाव घेऊन उभे राहतील?” आणि थोड्या वेळाने, “त्यांचं काही चुकलं नाही, असं मला म्हणता आलं असतं ना… फार बरं झालं असतं हो. मी खूप शोधलं. मला ते सापडलं नाही.”

त्यांची व्याख्यानं सुरू राहिली, पण बदलली. भांड्याचं उदाहरण त्यांनी सोडून दिलं. त्या म्हणायच्या, मी इतकी वर्षं लोकांना आभाळाकडे बघायला शिकवलं, आणि लोक आभाळाकडे बोट दाखवायला शिकले. आता त्या पायाखालचं विचारायच्या. तुमच्या सोसायटीखालून कुठला ओढा जातो? तुम्हाला माहीत आहे का? बोलावणी कमी होत गेली. तापलेल्या समुद्राबद्दल ऐकायला सगळ्यांना आवडतं. आपल्या पार्किंगबद्दल ऐकायला आवडत नाही.

निर्झरमध्येही त्यांनी सोडलं नाही. स्लॅब काढा, ओढा मोकळा करा, भिंतीऐवजी जाळी लावा, हे त्या प्रत्येक सर्वसाधारण सभेत मांडायच्या. लोक ऐकून घ्यायचे. एक जण म्हणाले, “मॅडम, तत्त्वतः मान्य आहे. फक्त गाड्या कुठे लावायच्या ते सांगा. ढगात?” सभा हसली. ठराव दर वेळी पडायचा. दादा सभेला यायचा नाही. एके वर्षी त्यांच्या बाजूने हात वर करायला त्या एकट्याच होत्या. घरी परत येताना जिन्यात थांबून श्वास घेत म्हणाल्या, “पूर्वी आई पापड घालताना तरी विचारायच्या.” भिंत तेवढी पुन्हा बांधली गेली, पहिलीपेक्षा उंच आणि जाड.

पुष्पाचं लग्न झालं, ती मांजरीला राहायला गेली. वहिनी बस बदलून तिच्याकडे जायच्या, तिच्या मुलीला घेऊन बसायच्या. माझ्या बायकोला एकदा पुष्पा म्हणाली होती, “काकू आल्या की पहिल्यांदा गच्चीवर जाऊन बघतात, पाणी कुठून येईल ते.”

शेवटची भेट त्या गेल्या त्याच्या आदल्या दुपारची. ऑक्सिजनची नळी होती, बोलायला दम लागत होता. खिडकीबाहेर ढग जमत होते. मी म्हटलं, “वहिनी, बघा, मे महिन्यातच आलाय. काय म्हणायचं याला?” त्यांनी डोळ्यांनीच हसल्यासारखं केलं. “एका… पावसावरून… काही ठरत नाही.” मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मी उठायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“भाऊजी… मी आयुष्यात इतके अंदाज दिले. अर्धेमुर्धे चुकले. आईंचे पापड…” त्या थांबल्या. “त्या एका दिवशी मला इतकं नीट कळलं हो. वेळ कळली, जोर कळला. इतका बरोबर अंदाज कधीच आला नव्हता. आणि तोच… तोच एक चुकायला हवा होता.”

मी परत खुर्चीवर बसलो.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दादा मला म्हणाला, चल, खाली जाऊ. गुडघ्यांमुळे तो फारसा उतरत नाही. काठी टेकत तो स्लॅबच्या वरच्या टोकाला, पाइपाच्या तोंडाशी गेला आणि वाकून आत बघत राहिला. आत नेहमीचा कचरा होता. “लहान पडला,” तो म्हणाला. “मला तेव्हाच कळलं होतं, सुधीर. भिंत पडली तेव्हा, काचेपाशी उभा होतो तेव्हाच. सभेत जे बोललो ते मला स्वतःला ऐकायचं होतं. कुणीतरी म्हणावं, की नाही हो, तुमचा पाइप बरोबर होता, पाऊस चुकला. आणि जिने ते म्हणावं असं वाटत होतं, तीच एक उभी राहिली…” मी विचारलं, “हे त्यांना कधी बोललास?” त्याने मान हलवली. “रोज सकाळी चहा ठेवताना ठरवायचो. मग वाटायचं, तिला माहीत असणार. तिला सगळं आधी कळायचं ना.”

वहिनींना ते माहीत होतं का, हे मला खरंच सांगता येणार नाही. त्या शोधत राहिल्या, एवढंच मला माहीत आहे.

त्यानंतर या वयात दादा निर्झरमधल्या एकेका घरी गेला. दार उघडलं की आधी सांगायचा, हे मी आखलेलं आहे आणि ते चुकलेलं आहे. वहिनी इतकी वर्षं जे बोलत होत्या तेच तो बोलत होता. काहींनी चहा दिला, काहींनी दारातूनच वाटेला लावलं. एका तरुण जोडप्याने विचारलं, “पण काका, रूल्सप्रमाणेच होतं ना सगळं?” तो म्हणाला, “होतं. म्हणूनच आलोय.” शेवटी जी सभा झाली तिच्यात अख्खी स्लॅब काढायचं काही ठरलं नाही. वरच्या तोंडाकडचा काही भाग मोकळा करायचा आणि ती उंच भिंत उतरवून जाळी लावायची, एवढं जेमतेम मंजूर झालं. वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, एवढ्याने पुरेल याची फारशी शक्यता नाही. भिंत उतरवायला घेतली त्या दिवशी पुष्पा मुलीला घेऊन आली होती. ती दादाशेजारी उभी राहिली. दगड उतरत होते आणि पलीकडची घरं हळूहळू दिसायला लागली होती.

गेल्या आठवड्यात दुपारी मी दादाकडे गेलो. बाहेर पाऊस चांगलाच लागला होता. दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनींच्या खोलीत दादा पलंगाच्या कडेला बसला होता आणि खिडकी सताड उघडी होती. सोबतीला कुणी नसताना वहिनी पावसात ती खिडकी उघडी ठेवायच्या, आणि फरशी भिजते म्हणून दादा येऊन ती लावायचा. त्यांच्या संसारातलं हे एक जुनं, कधी न मिटलेलं भांडण. आता पाणी आत येत होतं, फरशीवर ओघळ पसरला होता, पलंगावरची चादर एका बाजूने ओली झाली होती. मी पटकन खिडकीकडे गेलो.

“राहू दे,” दादा म्हणाला. “तिला नुसत्या आवाजावरून कळायचं, किती पडतोय ते.”

मी त्याच्या शेजारी बसलो. “तुला कळतंय का काही?”

त्याने थोडा वेळ कान देऊन ऐकलं.

“नाही,” तो म्हणाला, आणि ऐकत राहिला.